देवास द्रव्य हवे काय?

श्रद्धावान गृहस्थाच्या मनात एक शंका वारंवार येते. ईश्वर सर्व प्राण्यांच्या हृदयात वास करतो, असे भगवंतांनीच गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. मग देवळात जाण्याचे प्रयोजन काय? आणि जो अखिल विश्वाचा स्वामी, त्याच्यापुढे आपण चार पैसे ठेवले अथवा न ठेवले, तरी त्याला काय उणे पडणार? ही शंका कोणी निर्मळ जिज्ञासेने विचारतो. कोणी खिशात हात घालावा लागू नये म्हणून विचारतो. आणि ज्याच्यापाशी देण्यास काहीच नाही असा एखादा बापडा ती न विचारताच देवळाच्या पायरीवरून संकोचाने परत फिरतो. या तिघांनीही क्षणभर मनाने तिरुवैयारुस यावे.

तंजावरच्या उत्तरेस, कावेरीच्या तीरावर हे क्षेत्र आहे. पाच नद्यांवरून त्यास हे नाव पडले, आणि तेथील शिवासही पंचनदीश्वर म्हणतात. याच गावी श्रीत्यागराजस्वामींनी रामभक्तीत आयुष्य वेचले आणि 1847 साली पौष वद्य पंचमीस देह ठेवला. त्यांच्या काळी तंजावरास भोसल्यांचे राज्य होते व दरबारात आपली मराठी नांदत होती. सरफोजी महाराजांनी त्यांना मानधन व दरबारी मान देऊ केला असता स्वामींनी तो नाकारला, अशी कथा परंपरेने सांगतात.

येथे एखादा म्हणेल, ‘पाहा, संतांनी द्रव्य तुच्छ मानले, मग आमच्याकडे ते कशास मागता?’ परंतु कथेचा पुढील भागही ऐकावा. राजाचे धन नाकारणारे हेच स्वामी रामनाम गात गावातील रस्त्यांवरून फिरत, आणि गृहस्थ जे मूठ-मूठ तांदूळ घालीत त्यावर आपला व शिष्यांचा निर्वाह करीत. यास उञ्छवृत्ती म्हणतात. आपल्याकडील माधुकरीची ती बहीणच होय. ज्या हाताने राजाची देणगी परत केली, त्याच हाताने गृहिणीची ओंजळ स्वीकारली. तेव्हा त्याज्य होते ते दान नव्हे, तर दानाला बांधलेला दोर होय. दरबाराच्या देणगीमागे दरबाराचे स्तवन येते. मुठीभर तांदळामागे काहीच येत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी हाच भेद स्पष्ट केला आहे. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावाने, परतफेडीची आशा न धरता, देश, काल व पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक दान. मोबदल्यासाठी अथवा मनात कष्टी होऊन दिलेले ते राजस. अनादराने, अपात्री फेकलेले ते तामस. या निकषांत रकमेचा उल्लेख कोठेही नाही. नवव्या अध्यायात तर पान, फूल, फळ व पाणी एवढ्यावरच भगवंत संतुष्ट आहेत. म्हणून ज्याच्यापाशी द्रव्य नाही त्याने देवळाच्या पायरीवरून परत फिरू नये; त्याची रिकामी ओंजळ जोडली गेली, की ती भरलेलीच आहे.

आता पहिल्या शंकेकडे वळू. घरीच भक्ती होत असता देवळात का जावे? त्यागराजस्वामींच्या घरी रामाची पूजा नित्य चालत असे. तरीही त्यांनी गावच्या पंचनदीश्वरापुढे व धर्मसंवर्धिनी देवीपुढे कीर्तने गायिली. उतारवयात तिरुपती, कांची, श्रीरंगम् या क्षेत्रांची यात्रा केली. घरातील भक्ती अपुरी होती म्हणून नव्हे, तर ती भक्ती घरात मावेना म्हणून.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. स्वामींच्या पश्चात त्यांची समाधी पुढे दुर्लक्षित झाली. ‘भक्ती अंतःकरणात असते, दगडविटांत नव्हे’ असे सर्वांनीच म्हटले असते, तर ते स्थान कावेरीकाठच्या झुडपांत लोपून गेले असते. ते उभे केले बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने. देवदासी कुळात जन्मलेल्या या बाईंनी संगीतसेवेतून मिळविलेले धन तेथे ओतले. 1921 साली पायाभरणी झाली आणि 1925 साली मंदिराची प्रतिष्ठा झाली. तरीही तेथील आराधनेत गाण्याचा अधिकार त्या काळी स्त्रियांना नव्हता. जिच्या द्रव्यावर मंदिर उभे, तिलाच तेथे स्वर उमटविण्याची मोकळीक नाही! दुसरे कोणी असते तर दिलेले परत मागते. बाईंनी 1927 पासून समाधीच्या मागील बाजूस स्त्रियांची निराळी आराधना चालविली, आणि सेवा सोडली नाही. 1940 च्या सुमारास निरनिराळे पक्ष एकत्र आले व स्त्रियांसही तेथे स्थान मिळाले. 1952 साली बाई निवर्तल्या. त्यांची समाधी स्वामींच्या समाधीसमोरच आहे.

या चरित्रातून दोन्ही बाजूंनी शिकावे. देणाऱ्याने देणगीचा दोर हाती ठेवू नये; आणि ज्यांच्या हाती देवस्थानाची व्यवस्था आहे त्यांनी दान घेताना उघडणारे दार दात्यासाठी बंद ठेवू नये. मी यज्ञ करीन, मी दान देईन, माझ्यासारखा कोण आहे, असे म्हणणे सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचे लक्षण म्हणून सांगितले आहे. संगमरवरावर आपले नाव कोरून घेताना याचे स्मरण ठेवावे.

कोणी म्हणतील, देवस्थानाचा कारभार चोख नाही. असेल, तर हिशेब विचारावा, तो विचारणे हीही सेवाच आहे. पेटीत टाकावयाचे नसेल तर दिव्यास तेल द्यावे, अन्नछत्रात धान्य द्यावे, अंगण झाडावे. परंतु व्यवस्थेचा दोष दाखवून हात आखडता घेतला आणि ती मूठ अन्यत्रही उघडली नाही, तर तो दोष कोणाचा? जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पाप खातो, असे तिसऱ्या अध्यायाचे कठोर वचन आहे.

आजही पौष वद्य पंचमीस तिरुवैयारुस उञ्छवृत्तीची दिंडी निघते, लोक तांदूळ घालतात, आणि मग लहानथोर गायक समाधीपुढे ओळीने बसून पंचरत्न कीर्तने एका स्वरात गातात. त्या समुदायात अमक्याने किती दिले हे स्वरावरून ओळखता येत नाही.

देवास द्रव्य नको आहे. आपली घट्ट मिटलेली मूठ मात्र उघडावयास हवी; ती उघडण्यास देऊळ हे जवळचे स्थान आहे. म्हणून सज्जनहो, शक्य तेव्हा तेथे जावे, शक्य तेवढे द्यावे, आणि दिलेले विसरून जावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥