उजेडाची उधळण की उजेडाचे दान?



सण जवळ आला, की धर्मग्रामात दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "वर्षातून एकदाच सण येतो. रोषणाई झालीच पाहिजे, बँड वाजलाच पाहिजे." दुसरा म्हणतो, "एवढ्या पैशात एखाद्याच्या घराचे छप्पर झाले असते, एखाद्या मुलाची फी भरली असती." दोन्ही सूर प्रामाणिक आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. अलीकडे त्यात तिसरा सूर मिसळला आहे. "आपण छपरावर सौर पॅनल बसवू. वीज सूर्याची, बिल नाही. मग कितीही दिवे लावले तरी कोणाचे काय जाते?"

हा तिसरा सूर ऐकायला गोड आहे. त्याच्यापाशी आज थोडे थांबू या. वीज सूर्याची असली, वाऱ्याची असली, लाटेची असली, की तिच्यावर चाललेली कला आणि संगीत आपोआप निर्दोष ठरते काय?

नुसता तर्क करण्याऐवजी एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. क्रोएशिया देशात, एड्रियाटिक समुद्राच्या काठी, झादार नावाचे प्राचीन शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ आणि १९४४ साली, त्याच्यावर वारंवार बॉम्ब पडले आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. पुढे घाईने बांधकाम झाले. समुद्राच्या बाजूला काँक्रीटचा सरळसोट, रूक्ष बंधारा उभा राहिला. लाटा यायच्या आणि आपटून परत जायच्या.

२००५ साली निकोला बाशिच नावाच्या वास्तुरचनाकाराने त्याच किनाऱ्यावर सुमारे ७० मीटर लांबीच्या दगडी पायऱ्या समुद्रात उतरवल्या. त्या पायऱ्यांच्या पोटात वेगवेगळ्या लांबी-रुंदीच्या ३५ नळ्या बसवल्या आहेत. लाट आली की पाणी नळीत शिरते आणि आतली हवा पुढे ढकलते. ती हवा शिट्टीसारख्या तोंडातून जाते आणि वर, फरसबंदीला ठेवलेल्या भोकांतून सूर बाहेर पडतो. आपल्या पेटीचे तत्त्वही हेच. पेटीला हवा देणारा भाता आपण हाताने हलवतो. तिथे भाता समुद्र हलवतो. पाच-पाच सुरांचे सात गट आहेत आणि ते त्या भागातील लोकांच्या पारंपरिक गायनाच्या स्वरसंगतीला धरून जुळवलेले आहेत. वाजवणारा कोणी नाही, विजेची तार नाही, तिकीटही नाही. लाट मोठी असेल तर सूर मोठा, समुद्र शांत असेल तर नुसता उसासा. ह्या रचनेचे नाव 'समुद्राचा ऑर्गन'.

तीन वर्षांनी, २००८ साली, बाशिच यांनीच शेजारी दुसरी रचना केली. जमिनीत बसवलेले २२ मीटर व्यासाचे एक वर्तुळ, त्यावर ३०० काचेच्या फरश्या आणि त्या काचेखाली सौर पॅनल. लोक त्यावरून चालतात, मुले पळतात. दिवसभर ते वर्तुळ ऊन गोळा करते. सूर्य मावळला की त्याच काचेखाली रंगीत दिव्यांचा खेळ सुरू होतो. उरलेल्या विजेतून किनाऱ्यावरच्या दिव्यांना हातभार लागतो. वर्षाला सुमारे ४६,५०० युनिट वीज तयार होईल असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या अडतीस घरांना ती वर्षभर पुरेल.

ह्या रचनेचे नाव 'सूर्यास अभिवादन'. नाव ऐकून कोणी दचकू नये. वर्तुळाच्या कडेला धातूची पट्टी आहे आणि तिच्यावर झादारची चर्चेस ज्या संतांच्या नावाने आहेत त्यांची नावे, त्यांच्या सणाच्या तारखा आणि त्या दिवशीचे सूर्याचे स्थान कोरले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस झादारमध्येच तयार झालेल्या एका जुन्या धार्मिक पंचांगावरून ही कल्पना सुचली. म्हणजे तिथे सूर्य देव नाही. तो दिवस आणि सण मोजून देणारा सेवक आहे. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी आठशे वर्षांपूर्वी सूर्याला 'बंधू' म्हटले ते ह्याच भावनेने. भावाला आपण नमस्कार करतो, त्याची पूजा करीत नाही. आणि भावाची कमाई उधळतही नाही!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अडतीस घरांना पुरेल एवढी वीज देणारे पॅनल चौकात बसवून त्यातली काही रंगीत दिव्यांच्या खेळावर खर्च करणे योग्य की अयोग्य?

संत थॉमस अक्वायनस यांनी 'चांगले' ह्या शब्दाचे तीन अर्थ सांगितले आहेत. काही गोष्टी उपयोगी म्हणून चांगल्या, काही आनंद देतात म्हणून चांगल्या आणि काही स्वतःच चांगल्या, ज्यांच्यासाठी दुसरे कारण द्यावे लागत नाही. कडू औषध पहिल्या प्रकारात मोडते; ते आपण आरोग्यासाठी घेतो. आता जरा घरातला दिवा पाहा. दिवा कशासाठी? अभ्यासासाठी. अभ्यास कशासाठी? नोकरीसाठी. नोकरी कशासाठी? पोटासाठी. आणि पोट भरल्यावर जगायचे कशासाठी? ही साखळी कुठेतरी थांबली पाहिजे. ज्याच्यासाठी बाकी सगळे करायचे असे काहीतरी हाती लागले पाहिजे. एकमेकांची सोबत, गाणे, सौंदर्य, प्रार्थना ह्या गोष्टी त्या शेवटच्या टोकाला येतात. म्हणून 'कला निरुपयोगी, म्हणजे वाया' हे म्हणणे चुकीचे आहे. युद्धात होरपळलेल्या शहराला पाणी आणि रस्ते हवेच होते. पण संध्याकाळी पायऱ्यांवर शेजाऱ्याजवळ बसून ऐकायला काहीतरी हवे होते, हेही तितकेच खरे.

पण गरिबांचे काय? हा प्रश्न शुभवर्तमानाइतकाच जुना आहे. बेथानीच्या घरी मरियेने येशूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा यहुदा इस्कार्योतने हिशेब काढला, की हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना देता आले असते. येशूने मरियेची बाजू घेतली. ह्या प्रसंगाचा आधार घेऊन आपण आपली प्रत्येक उधळपट्टी झाकू पाहतो. ते बरोबर नाही. योहान स्पष्ट सांगतो, की यहुदाला गरिबांची काळजी नव्हती. त्याची नजर थैलीवर होती. आणि मरियेने जे ओतले ते स्वतःचे होते, तेही दुसऱ्याच्या सन्मानासाठी. स्वतःच्या मिरवण्यासाठी केलेला खर्च त्या तेलाच्या शेजारी ठेवता येणार नाही.

सौंदर्य की गरीब, अशी निवड करावीच लागते असेही नाही. व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर २००८ साली सुमारे २,४०० सौर पॅनल बसवले. त्यातून वर्षाला सुमारे तीन लाख युनिट वीज मिळेल असे तेव्हा सांगण्यात आले. ह्याच सभागृहात मे २०१५ मध्ये खास गरिबांसाठी संगीताचा कार्यक्रम झाला आणि मानाच्या जागा बेघर आणि गरजू लोकांसाठी राखून ठेवल्या होत्या. छपरावर सूर्य, खाली संगीत आणि पुढच्या रांगेत गरीब! यहुदाच्या प्रश्नाला ह्याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. गरिबाला भाकर द्या आणि गाण्याला पुढची खुर्चीही द्या. त्याला फक्त पोट आहे, कान आणि डोळे नाहीत, असे समजणे हा त्याचा अपमान आहे.

तरीही 'वीज सूर्याची, मग कोणाचे काय जाते' हे वाक्य मला मान्य नाही. त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की ऊन फुकट आहे, काच फुकट नाही. पॅनल, तारा, बॅटरी हे सर्व खाणीतून आणि कारखान्यातून येते. त्यामागे कोणाचे तरी हात राबतात आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्याचाच कचरा होतो. चार दिवसांच्या झगमगाटासाठी हे सारे उभे करणे आणि वर्षभर शाळेला, दवाखान्याला, रस्त्याला उजेड देऊन त्यातला थोडा वाटा सणाला ठेवणे, ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरे कारण, स्वच्छ वीज आवाजाला स्वच्छ करीत नाही. सौरऊर्जेवर चालणारा डीजेसुद्धा शेजारच्या आजारी माणसाची झोप मोडतोच. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावू नये हा नियम आपल्या देशात २००० सालापासून आहे. पण नियम नसता तरी शेजारधर्म होताच. सार्वजनिक कला ही सर्वांवर लादलेली कला नव्हे. झादारच्या पायऱ्यांचा सूर ऐकायचा असेल तर जवळ जाऊन बसावे लागते. नको असेल त्याला चार पावले दूर जाता येते.

तिसरे कारण, आपल्याला स्वतःची समजूत घालून घ्यायची फार सवय आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले ह्या इंग्लिश बँडचे तीन कार्यक्रम नवी मुंबईत झाले. आपल्यातले काही तरुण कदाचित गेलेही असतील. २०२२ साली सुरू झालेल्या ह्या दौऱ्यात त्यांनी प्रेक्षकांच्या उड्यांतून आणि सायकलच्या पेडलवरून वीज तयार करण्याची सोय केली. कल्पना सुंदर आहे. वीज कष्टाने तयार होते हे ती पायांना शिकवते. पण नाचणाऱ्या पायांतून निघणारी वीज थोडीच असते आणि विमानाने व गाड्यांनी येणाऱ्या हजारो लोकांचा धूर तिने भरून निघत नाही. उड्या मारून आपण जगाचे देणे फेडले असे वाटू लागले, तर ती कला झोप आणणारी ठरेल. चांगल्या कलेने जागे केले पाहिजे.

मग कसोटी कोणती? माझ्या मते झादारची लाट ती शिकवते. तिथे कलाकाराने समुद्राकडून काही हिसकावले नाही. लाट येणारच होती. त्याने तिच्या वाटेत नळी ठेवली. जेवढे आले तेवढेच वाजते. अधिक हवे म्हणून समुद्राला कोणी धमकावत नाही. सूर कुठून येतो हेही लपवलेले नाही. पायऱ्यांवर बसलेल्या मुलाला लाट आणि सूर ह्यांचे नाते समजते. आपल्या घरी बटण दाबले की दिवा लागतो. कोळसा कुठे जळला, धरणासाठी कोणाचे गाव बुडाले, हे आपल्याला दिसत नाही. कलेने ते दाखवले तर ती वीज सत्कारणी लागली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकातून सृष्टीला आपले सामाईक घर म्हटले. घरातली वस्तू वापरायला कोणी हरकत घेत नाही. पण ती कुठून आली आणि कोणासाठी उरली, हे विचारणे घरच्या माणसाचे कर्तव्य आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत सणाच्या रोषणाईचा विषय निघाला, तर हो किंवा नाही म्हणण्याआधी चार प्रश्न विचारू या. हा उजेड वर्षाचे बाकीचे दिवस कोणाच्या उपयोगी पडणार आहे? आपल्या गाण्याने कोणाची झोप मोडणार आहे? तो आनंद पाहायला ज्याला कोणी बोलावत नाही त्याची खुर्ची कुठे आहे? आणि हे सारे आपण कोणाच्या सन्मानासाठी करीत आहोत?

ह्या चारही प्रश्नांची उत्तरे मोकळ्या मनाने देता आली, तर दिवे जरूर लावू या. थोडेच लावू, पण असे लावू, की त्यांच्या उजेडात शेजाऱ्याचा चेहरा दिसेल.

आपला,
धर्मगुरू