पकड कोणासाठीं ?

स्पोर्ट्स मोटारीला उन्हाळी टायर कोणते घालावेत, हा प्रश्न दुकानदारांच्या, किंवा फार तर हौशी धनिकांच्या चर्चेचा आहे. निबंधाच्या पानांत त्याला जागा कशाला, असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. त्यांचा आक्षेप आम्हांस अर्धा मान्य आहे. अशा चार टायरांच्या किमतींत एखाद्या कुटुंबाचा कित्येक महिन्यांचा किराणा येतो. परंतु जी वस्तु एकानें निवडावी आणि जिचें फळ रस्त्यावरील अनोळखी माणसानें भोगावें, तिची निवड ही केवळ आवडीची बाब रहात नाहीं. नागपुरांत तर हा प्रश्न आतां काल्पनिकही राहिलेला नाहीं. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला, ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा सबंध मार्ग पुरा झाला, आणि वेगाची हौस पुरविणारी सरळ, रुंद वाट आमच्या वेशीशींच येऊन ठेपली.

‘उन्हाळी टायर’ हा शब्द आमच्याकडे थोडा गमतीचाच वाटावा. ज्या देशांत रस्त्यावर बर्फ सांचतें तेथें लोक ऋतु पालटतांच टायर पालटतात. कारण उन्हाळी टायराचें रबर साधारण सात अंशांच्या खालीं कडक होऊन पकड सोडूं लागतें. नागपुरांत २९ डिसेंबर २०१८ रोजीं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता खरा. पण अशी पहाट विरळाच. २३ मे २०१३ रोजीं याच शहरानें ४७.९ अंश अनुभवले, आणि आमच्या गांवाचा खरा स्वभाव तोच. तेव्हां येथें बाराही महिने टायर उन्हाळीच. विचार करावयाचा तो थंडीचा नव्हे, तापाचा. टायर तापतो तो केवळ उन्हानें नव्हे. प्रत्येक फेऱ्यास त्याची बाजू दबते व पुन्हा उठते, आणि या दबण्या-उठण्यांत जी शक्ति वायां जाते तिची उष्णता होते. हवा कमी असली कीं दबणें वाढतें, दबणें वाढलें कीं ताप वाढतो. उन्हाळ्यांत हवा कमी भरावी, ही जी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते, ती म्हणूनच अगदीं उफराटी आहे. हवा टायर थंड असतांना, मोटारीच्या कारखान्यानें सांगितली असेल तेवढी भरावी, आणि तापल्यावर दाब वाढलेला पाहून ती काढूं नये.

बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्ट्याला आमच्या भाषेंत ‘धाव’ म्हणतात. लोहार ती धाव विस्तवांत लाल करून लांकडी चाकावर चढवी व वर पाणी ओती. निवतांना ती आकसून चाकाला घट्ट आवळी. ही धाव लवकर झिजत नसे. पण रस्त्याला ती धरीतही नसे, आणि बैलाच्या चालीला त्याची गरज नव्हती. रबराचें तसें नाहीं. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खरखरींत शिरतें, तेथें चुरगळतें आणि शक्ति गमावतें. या गमावण्यांतूनच पकड उत्पन्न होते. म्हणजे ज्या गुणामुळें टायर धरतो, त्याच गुणामुळें तो तापतो आणि झिजतो. अमेरिकन पद्धतीचा झिजेचा जो आंकडा टायराच्या कडेवर असतो, तो पहावा: दोनशेंचा टायर पांचशेंच्या टायराहून लवकर झिजणार, पण बहुधा धरील अधिक. पकडही सर्वांत जास्त हवी आणि टायर वर्षानुवर्षें टिकलाही पाहिजे, असें म्हणणारें गिऱ्हाईक दुकानदाराकडे नव्हे, निसर्गाकडेच सवलत मागत असतें.

आमचें मत विचाराल तर शर्यतीच्या मैदानासाठीं केलेले, जवळजवळ गुळगुळीत टायर नागपूरकरानें घेऊं नयेत. कोरड्या रस्त्यावर त्यांची पकड अपूर्व असते. पण पावसाळ्यांत वर्धा रस्त्यावर पाणी सांचलें म्हणजे तें बाजूस सारण्यास त्यांच्या खांचा पुरत नाहींत, टायर पाण्यावर तरंगतो, आणि चक्र हातांत असूनही मोटार हातांत रहात नाहीं. ओल्यांत धरणारा, रस्त्यासाठींच केलेला टायर घ्यावा. आकार कारखान्यानें नेमलेलाच असावा, वेगाचें अक्षर त्याहून खालचें नसावें, आणि कडेवरचे चार आंकडे (पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे) वाचून मगच पैसे द्यावेत. दुकानाच्या उष्म्यांत पडून राहिलेलें रबर दिसण्यांत नवें असलें तरी वयानें म्हातारें असतें.

इतकें झाल्यावर खरा प्रश्न पुढें येतो. ‘वाय’ अक्षराचा टायर ताशीं ३०० किलोमीटरांसाठीं असतो. समृद्धि महामार्गाची आंखणी १५० च्या वेगासाठीं झाली, आणि मोटारींना मुभा आहे ती १२० ची. जें सामर्थ्य कधींच वापरावयाचें नाहीं तें विकत घेणें हें शहाणपण कीं उधळपट्टी ? नागपुराहून निघालेला हा महामार्ग वर्धा जिल्ह्यांतूनच पुढें जातो. त्या जिल्ह्यांतील शेगांवीं, ज्याला पुढें सेवाग्राम म्हणूं लागले, गांधीजी १९३६ सालीं राहावयास गेले. तेथील अपरिग्रहाच्या व्रताला हा सौदा दाखविला तर उत्तर सरळ येईल: मोटारच नको. ज्यांना तें पेलतें त्यांना आमचा नमस्कार. पण मोटार दारांत उभी असलेल्यास त्याचा उपयोग थोडा. त्याच्या कामाचा आहे तो गांधीजींचाच दुसरा विचार, विश्वस्ताचा: जवळ असलेलें सर्वच आपल्या उपभोगासाठीं नसतें.

थोडा हिशेब करून पाहूं. उत्तम टायराची पकड साध्याहून एक दशांशानें अधिक आहे असें धरा. थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. दोन मोटारींनीं १२० च्या वेगावर एकाच क्षणीं ब्रेक दाबले, तर उत्तम टायरांची मोटार जेथें उभी राहील, तेथून साध्या टायरांची मोटार अजून ताशीं ३६ किलोमीटरांनीं पुढें जात असेल. रस्ता ओलांडणाऱ्या मजुराचा जीव या फरकांत आहे. पण नव्या टायरांच्या भरंवशावर चालकानें १२० चे १२६ केले, कीं सारा फरक संपला. पैसे चौघांच्या सुरक्षिततेसाठीं मोजले आणि सहा किलोमीटरांच्या मौजेंत उडाले. म्यूनिक शहरांत १९८० च्या दशकांत कांहीं टॅक्सींना चाकें अडकूं न देणारे ब्रेक बसविले, कांहींना नाहीं. अपघातांचें प्रमाण जवळजवळ सारखेंच राहिलें. नव्या ब्रेकांचे चालक अधिक धसमुसळेपणानें हांकूं लागले होते. यावरून सुरक्षिततेचीं साधनेंच व्यर्थ, असा निष्कर्ष कांहीं पंडित काढतात. तो आम्हांस पटत नाहीं. साधन व्यर्थ गेलें नव्हतें. तें ज्यांच्यासाठीं होतें त्यांच्याकडून काढून चालकानें स्वतःकडे घेतलें होतें. राखीव पकड ही त्या मजुराची ठेव आहे, आणि ती खर्च करण्याचा अधिकार टायराची पावती हातीं असल्यानें मिळत नाहीं.

माणसाला मात्र दोष रबरावर टाकणें सोपें जातें. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुराहून पुण्यास निघालेली एक खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसें गेलीं. टायर फुटला, असें चालकानें प्रथम सांगितलें. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालांत तसा पुरावा आढळला नाहीं. त्या माणसाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस विचार पडतो तो ऐकणाऱ्यांचा: टायराचें नांव निघतांच आपलें मन किती लवकर स्वस्थ होतें ! त्याच वर्षीं परिवहन खात्यानें महामार्गावर टायरांची तपासणी करून झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडविण्यास आरंभ केला, तें योग्यच झालें. खांचेच्या तळाशीं १.६ मिलिमीटर उंचीची खूण असते. पृष्ठभाग तेथवर झिजला आहे कीं नाहीं, हें शिपायालाही दिसतें.

नवे टायर चढले म्हणजे जुन्यांचें काय, हें मात्र कोणी पहात नाहीं. मऊ रबराचे असल्यानें ते लवकर उतरतात, आणि दुकानदार पुष्कळदां थोडे पैसे देऊन ते ठेवून घेतो. ज्या टायरावर आपल्या मुलांना बसविण्यास आपण तयार नाहीं, तो पुढें एखाद्या गरजू माणसाच्या जुन्या मोटारीखालीं जाईल, आणि त्यांतही मुलें बसतील. त्या थोड्या पैशांवर पाणी सोडावें, आणि उतरवलेल्या टायराची बाजू आपल्या डोळ्यांदेखत सुरीनें चिरून घ्यावी.