खुंटी हलली

पुसदला डिसेंबर लागला की शाळांच्या मैदानांवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा दिसू लागतात. असल्या रेषा आखण्यात तीस वर्षं घालवलेले एक क्रीडाशिक्षक आता निवृत्त होऊन घरी होते. त्यांची मुलगी घरूनच मोबाइल अ‍ॅपचं डिझाइन करायची. बापाचं काम मातीत आणि लेकीचं काचेवर; त्या दोन्हींत काही नातं असेल असं दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती कापसाचे भाव दाखवणाऱ्या एका स्क्रीनवर अडली होती. बाहेर गोल कोपऱ्यांचं कार्ड, आत गोल कोपऱ्यांचं बटण, मध्ये चारी बाजूंनी १२ पिक्सेल मोकळी जागा. कार्डाच्या कोपऱ्याची त्रिज्या १६ आणि बटणाचीही १६. आकड्यांत खोट नव्हती, तरी बटण कार्डात बसलेलं दिसेना, कोणीतरी आणून ठेवल्यासारखं दिसे. तिनं रंग बदलून पाहिला, सावली काढली, अक्षरं लहान केली. काही उपयोग झाला नाही.

चहा घेऊन आलेले बाबा मागे थांबले.

"कोपऱ्यात सुजलं काहून हे?"

तिनं मोजलं. सरळ बाजूंना १२ असलेली जागा कोपऱ्यात तिरपी धरली तर जवळजवळ १७ भरत होती.

"पण बाबा, दोन्ही कोपरे सारखेच आहेत."

"आधी हे सांग, गोल काहून करता तुम्ही कोपरे?"

तिनं १९८१ची गोष्ट सांगितली. अ‍ॅपलचा मॅकिंटॉश संगणक तयार होत होता. त्याचं प्रोग्रामिंग करणाऱ्या बिल अ‍ॅटकिन्सनला गोल कोपऱ्यांच्या आयताची गरज वाटत नव्हती, तेव्हा स्टीव्ह जॉब्सनं त्याला बाहेर रस्त्यावर नेऊन गोल कोपऱ्यांच्या वस्तू दाखवल्या. नो पार्किंगची पाटी पाहून अ‍ॅटकिन्सननं हार मानली आणि दुसऱ्या दिवशी तो आयत करून आणला.

"ते एका आयताचं झालं," बाबा म्हणाले. "एकात एक बसवायचा असला म्हणजे खुंटी पाहावी लागते. तुझी खुंटी हलली, पोरी. माझीही हलली होती एका वर्षी."

ते खुर्ची ओढून बसले.

"४०० मीटरच्या ट्रॅकला आतल्या वळणाची त्रिज्याच साडेछत्तीस मीटर लागते. आपलं मैदान केवढंसं! म्हणून मी चौकोनी ट्रॅक आखायचो, चार कोपरे गोल केलेला. चार कोपऱ्यांत चार खुंट्या, खुंटीला तार. दोरी नाही लावायची, दोरी ताणली जाते. पहिली रेषा बरोबर आली. मग दुसऱ्या लेनसाठी तार १.२२ मीटरनं वाढवायची आणि खुंटी तिथंच ठेवायची, असा नियम. त्या दिवशी घाई होती. तार कापलेली होती, तेवढीच ठेवली आणि खुंटी उपटून बाहेर सरकवली. तिसऱ्या लेनला पुन्हा तेच, चौथीला पुन्हा तेच. दिसायला ट्रॅक सुरेख दिसला. सगळे कोपरे सारखे, तुझ्यासारखेच."

"मग?"

"मग कोपऱ्यावर लेन १.२२ची १.७३ झाली. ते एक वेळ चाललं असतं. पण एका फेरीच्या शर्यतीत बाहेरच्या लेनच्या पोरांना पुढे उभं करतात ना? एका लेनमागे ७.६७ मीटर. हा आकडा मैदान लहान असो की मोठं, बदलत नाही, कारण तो फक्त लेनच्या रुंदीतून येतो, १.२२ गुणिले दोन पाय. पण खुंटी एकच असली तरच तो खरा. मी सरकवलेल्या खुंटीनं एका लेनमागे ९.७६ मीटर वाढले होते. मी पुढे दिले ७.६७च."

मुलीनं कागद ओढून हिशोब मांडला. चौथ्या लेनपर्यंत तीन लेन. सव्वासहा मीटर.

"चौथ्या लेनला तांड्यावरची एक पोरगी होती," बाबा म्हणाले. "अनवाणी पळायची. तीन-चार पावलांनी हरली. मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, शेवटच्या कोपऱ्यावर दम सोडला तू. तिनं मान खाली घातली. वाद नाही, तक्रार नाही. चौथ्या दिवशी दुसऱ्या कामासाठी टेप लावला तेव्हा मला कळलं."

ते थोडा वेळ बोलले नाहीत.

"तांड्यावर गेलो. तिच्या मायसमोर सांगितलं, चूक माझी होती, पोरगी सहा मीटर जास्त पळली. ती म्हणे, मंग सर, मी हरली नव्हती का? त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. त्या ट्रॅकवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या, शर्यत पुन्हा थोडीच होते! दम सोडला म्हटलं ते खोटं होतं, एवढंच मला सांगता आलं."

मुलीनं स्क्रीनकडे पाहिलं. बटणाचा कोपरा म्हणजे पाव वळणच. बाहेरची तार १६, मधली जागा १२, तर त्याच खुंटीवरून आतली तार उरते ४. तिनं बटणाच्या त्रिज्येत ४ टाकले. कडेनं फिरणारी जागा सरळ भागातही १२ राहिली, वळणावरही १२. बटण कार्डात बसलं.

तिला एक जुनी गोष्टही उलगडली. पेटीची कड जाड केली की ब्राउझर आतल्या बाजूची त्रिज्या आपणच तेवढी घटवतो. पण पेटीत दुसरी पेटी ठेवली की त्या दोघींचं नातं त्याला ठाऊक नसतं. ते आखणाऱ्यानंच सांभाळायचं असतं.

"आणि इथं?" तिनं दुसरं कार्ड उघडलं. "बाहेर १६ आहे, पण जागाच २० आहे."

"मंग तार संपली. आतला कोपरा सरळ राहू दे, नाहीतर बाहेरची तार वाढव."

तिनं बाहेरची त्रिज्या २४ केली, आत ४ आले. मग ती थांबली. अ‍ॅपच्या आधीच्या चाळीस स्क्रीनवर हीच चूक होती. त्या स्क्रीन महिन्यापूर्वीच मंजूर झाल्या होत्या. कोणीही तक्रार केली नव्हती.

तिनं पहिली स्क्रीन उघडली. बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि खुर्ची जवळ घेतली.