उतारशाळेत जागा



पवित्र कुटुंबाला बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा मिळाली नाही, हे आपण दर नाताळात ऐकतो. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांचेही तेच हाल होते. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले, जातीने परीट. त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही!

आज घरकुलाच्या योजना आहेत. अनुसूचित जातींना रमाई, आदिवासींना शबरी, कोलाम बांधवांना २०२३ पासून पीएम-जनमन. गरजेप्रमाणे वाटे केले, हे योग्यच. पण त्यामुळे शेजाऱ्याचे घरकुल अडले तरी 'ती त्यांची योजना' म्हणून आपण गप्प बसतो. अडते ते बहुधा जागेपाशी. नावावर जागा नसेल तर घरकुल उभे राहणार कुठे? जागा खरेदीसाठी दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसाहाय्य मिळते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

खेड्यांतून मिस्सेला येणाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेला जा. आपल्या जातीचे नाही, आपल्या धर्माचे नाही, अशा एका बेघर कुटुंबाचा प्रश्न तिथे उभे राहून मांडा. त्या कुटुंबाला आधी विचारा, कोणता कागद अडला आहे. अर्ज लिहायला मदत लागली तर रविवारी मिस्सेनंतर मला भेटा.