बाई, बॉलपेननं लिहू?

शेजारच्या सहावीतल्या मुलाला शाईपेन मिळालं. तो डावखुरा आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी वहीचं पान फराट्यांनी भरलं. त्याची आई म्हणाली, "बाई, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, लवकर वाळणारी शाई तुम्हीच निवडून द्या." मी सोलापूरच्या नव्या पेठेतून तीन बाटल्या आणल्या. प्रत्येक शाईनं 'सिद्धेश्वर' लिहायचं, मनात दहापर्यंत मोजायचं आणि बोट फिरवायचं. मग पेन डाव्या हातात धरून पाहिलं. डावा हात ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो. शब्द संपला की शिरोरेषा ओढायला मागे येतो आणि पुन्हा त्याच अक्षरांवरून जातो. म्हणजे एका शब्दाला दोनदा पुसतो.

हे मला साठी उलटल्यावर दिसलं, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी होती. घरी यंत्रमाग, घरची भाषा तेलुगू, तरी तिचं मराठी शुद्धलेखन वर्गात सर्वांत चांगलं. तीही डावखुरी होती. तिच्या डाव्या तळहाताची करंगळीकडची कड कायम निळी असायची. मी ती रोज पाहायची. तरीही टापटिपीच्या पाचपैकी तिला दोनच गुण द्यायची. एकदा तिची वही वर्गासमोर उघडून धरली. "बाई, बॉलपेननं लिहू?" असं तिनं विचारलं होतं. शाळेचा नियम शाईपेनाचा होता, पण मी हो म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. मी म्हटलं, "हात बदल."

लवकर वाळणारी शाई म्हणजे बहुतेक वेळा कागदात लवकर मुरणारी शाई. म्हणून ती साध्या वहीत फुटते, मागच्या पानावर उतरते. गुळगुळीत कागदावर कुठलीही शाई जास्त वेळ ओली राहते. बारीक निब शाई कमी सोडतं, त्याचा उपयोग बाटली बदलण्याइतकाच होतो. यात नवं काही नाही. पार्करनं 'क्विक' आणि 'इंक' जोडून 'क्विंक' नावाची शाई १९३१ मध्ये आणली. त्याच वर्षी मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुडी-गोळ्यांपासून पुढच्या कॅम्लिनचा धंदा सुरू केला. अक्षर ओलं राहतं ही अडचण माझ्या जन्माआधीच माणसांनी ओळखली होती, तिच्यावर उपाय शोधला होता. मी त्या पोरीला टिपकागदसुद्धा दिला नाही.

सगळ्यात जास्त टोचते ती दुसरीच गोष्ट. पावसाळ्यातल्या चाचणीत तिचा पेपर बरबटलेला असायचा आणि एप्रिलच्या वार्षिक परीक्षेत स्वच्छ. सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत. त्या उन्हात अक्षर लिहिता लिहिता वाळत होतं. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'टापटिपीत चांगली सुधारणा.' ती सुधारणा माझ्या धाकानं झाली असं मी धरून चालले, शिक्षकांच्या खोलीत तसं बोललेही. जुलै आला की तिचं पान पुन्हा पुसट व्हायचं, तेव्हा ते मी तिच्या निष्काळजीपणात जमा केलं. ऊन माझ्या नावावर, पाऊस तिच्या नावावर. मला कळत नव्हतं असं नाही. कळून घेतलं असतं तर ती वही वर्गासमोर धरल्याचं काय करायचं, हा प्रश्न आला असता.

तिसरी शाई दहाच्या आत वाळली. कडा जरा फुटल्या, पण बोटाला काही लागलं नाही. ती बाटली आणि बारीक निबाचं पेन मी त्या मुलाला दिलं. नाहीच जमलं तर बॉलपेननं लिहू दे, शाळेत मी येऊन बोलते, असंही त्याच्या आईला सांगितलं.

ती मुलगी, आता बाईच, अशोक चौकाच्या बाजूला राहते असं कळलंय. रिक्षानं जाण्याइतकं जवळ. कळल्यापासून तीन रविवार गेले. मी अजून गेलेली नाही.