नागापुरातले जपान

नगर-मनमाड रस्त्यावरच्या नागापूर एमआयडीसीत पगार होतो आणि बोल्हेगाव, सावेडीकडच्या फ्लॅटचे हप्ते त्यातून फिटतात. वन बीएचकेचा ताबा मिळाला की इंटिरियरवाला मोबाइलवर चित्रे दाखवतो. हल्ली त्यात जपानी घराची चलती आहे : बुटके टेबल, भिंतीला लाकडी पट्ट्या, कागदी दिवा, फिकट रंग. दिसायला देखणे, यात वाद नाही. पण ते घर तसे का झाले, हे कुणी विचारत नाही.

चौदाव्या शतकातला केन्को हा भिक्षू लिहून गेला की घर बांधावे ते उन्हाळ्याचा विचार करून. हिवाळा कुठेही काढता येतो. जपानचा उन्हाळा दमट. वारा खेळला नाही तर जीव नकोसा होतो. म्हणून तिथल्या भिंती सरकत्या झाल्या, घराचा तळ जमिनीपासून उचलला गेला, पावसासाठी वळचण लांब काढली गेली. शोजी या सरकत्या दाराच्या चौकटीवरचा कागद उजेड आत घेतो आणि ती बाजूला सारली की वाराही येतो. ही शोभा गरजेतून आलेली आहे.

नगरचा उन्हाळा कोरडा. दुपारची झळ घरात येऊच नये, ही इथली गरज. म्हणून या भागातल्या जुन्या घरांना दगडमातीच्या जाड भिंती, बेताच्या खिडक्या आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे. रूप जपानी घराच्या अगदी उलट, अक्कल मात्र तीच. आजच्या फ्लॅटला ना तो जाडपणा, ना तो वारा. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री घरात उष्णता ओकते. तिच्यावर पट्ट्या ठोकून फार तर धूळ साठते. चैत्रात त्यांच्या फटींतून बोट फिरवून पाहावे.

दुसरा मुद्दा मोकळेपणाचा. जपानी खोली रिकामी दिसते, कारण तिच्या पोटात ओशिइरे नावाचे खोल कपाट असते. सकाळी अंथरूण त्यात जाते आणि त्याच खोलीत बसणे-जेवणे होते. तोकोनोमा या कोनाड्यात एक चित्र, एखादे फूल. ऋतू पालटला की तेही बदलायचे. बाकीचे सामान आत. आपल्या माजघरातही वळकटी, फडताळ, कोनाडा आणि माळा यांनी हेच साधले होते. आता खाटेने खोली अडवली आहे, आणि वर्षाचे गहू, फराळाचे डबे, गणपतीचे मखर यांना जागा तर हवीच. इंटिरियरवाल्याच्या चित्रात गव्हाची कोठी कधीच दिसत नाही. ती लपवायची सोय न करता आणलेला मोकळेपणा पंधरवड्यात भरून जातो.

तेव्हा जपानकडून घ्यायचे असेल तर आपल्या हवेला आणि आपल्या सामानाला उत्तर देण्याची सवय घ्यावी. यंदा घरावर चार पैसे घालणार असाल तर ते आधी पश्चिमेच्या सावलीवर, गच्चीच्या पांढऱ्या लेपावर आणि माळ्याच्या कप्प्यांवर घाला. शोकेसमधल्या वस्तूही एकेकच बाहेर काढा, बाकीच्या पुढच्या सणाला. कागदी दिवा त्यानंतर उरलेल्या पैशांतून आणला तरी चालेल.