दहशतवादाचा नायनाट सैन्यबळाने होतो काय?

निरपराधांचे प्राण घेणाऱ्यांना रोखणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्यच आहे. संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेली ख्रिस्ती नीतिपरंपरा हे कर्तव्य नाकारीत नाही. मात्र कालौघात तिने काही अटी घातल्या आहेत : शस्त्र हा अखेरचा उपाय असावा, यशाची सबळ आशा असावी आणि उपायाने मूळ दुखण्याहून मोठे दुखणे ओढवू नये. म्हणूनच सैन्याचा उपयोग होतो की नाही, हा केवळ सेनापतींचा प्रश्न नसून सदसद्विवेकाचाही प्रश्न आहे.

या दृष्टीने उत्तर आयर्लंडचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य तेथे दंगली आवरण्यासाठी उतरले, तेव्हा कॅथलिक वस्त्यांतील गृहिणींनी सैनिकांना चहा पाजला. तो स्नेह वर्षभरही टिकला नाही. जुलै १९७० मध्ये बेलफास्टच्या फॉल्स भागात संचारबंदी लावून घरोघर झडत्या घेण्यात आल्या. ऑगस्ट १९७१ मध्ये खटल्याविना स्थानबद्धता सुरू झाली; पहिल्याच धरपकडीत तीनशेहून अधिक कॅथलिक पकडले गेले व त्यांतील अनेकांचा हिंसेशी काडीमात्र संबंध नव्हता. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरातील मोर्च्यावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी मरण पावले. त्यानंतर 'आयआरए' या सशस्त्र संघटनेकडे तरुणांची रीघ लागली आणि १९७२ हेच त्या संघर्षातील सर्वाधिक बळींचे वर्ष ठरले.

कोणी म्हणेल, सैन्य नसते तर यादवीच माजली असती. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. सुमारे साडेतीन हजार बळींपैकी निम्म्याहून अधिक आयआरए व तत्सम गटांनी घेतले, हेही आपण कॅथलिकांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सैन्याने हिंसेला बांध घातला, बंदुकीने विजय मिळत नाही हे आयआरएला उमगू दिले. परंतु शांती त्याला निर्माण करता आली नाही.

ती आली संवादातून. मार्च १९८८ मध्ये बेलफास्टमध्ये दोन ब्रिटिश सैनिकांची हत्या झाली, तेव्हा फादर अलेक रीड यांनी गुडघे टेकून त्यांना अंत्यसंस्कार दिले. हेच धर्मगुरू त्या काळात परस्परविरोधी नेत्यांत गुप्तपणे संवाद घडवीत होते. १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी, करार झाला. २००५ साली आयआरएने शस्त्रे निकामी केली, त्या वेळी साक्षीदार म्हणून फादर रीड व एक मेथॉडिस्ट पाळक उपस्थित होते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ सालच्या शांतिदिनाच्या संदेशात दहशतवादापासून स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. पण गुन्ह्याचा दोष व्यक्तीचा असतो, तो राष्ट्रावर वा धर्मावर लादता येत नाही, असेही बजावले. फॉल्समध्ये नेमकी हीच मर्यादा ओलांडली गेली होती. वाचकहो, कोठेही हल्ला झाला की 'सैन्य पाठवा' ही मागणी आपल्याही ओठांवर येते. तेव्हा आणखी एक प्रश्न विचारावा : अपराध्याला शोधताना आपण किती निरपराध घरांची दारे फोडणार आहोत?